भिंतीवर उलटं दिसते

माझ्या हाताखालून गेलेल्या कुठल्याही पोराला विचारा, बेबीताई बाईंचा राग कशावर? तो सांगेल, टिंबावर. शब्दावरचं टिंब, म्हणजे अनुस्वार, कुणी खाल्लं की माझं डोकं फिरायचं. मी वहीवर लाल शाईचा असा गोळा काढायची की तो मागच्या पानावर उमटायचा. आमचे हेडमास्तर जगदेवराव म्हणायचे, "बेबीताई, एका टिंबापायी पोरायचा जीव घेता का?" मी म्हणायची, एका टिंबानं काय होतं ते तुम्हाला कधी तरी कळेल. मग एकदा कळलं, आणि असं कळलं की एका माणसाची नोकरी त्या टिंबाला लटकली.

गावाचं नाव सांगत नाही. रिठदपासून जवळ, एवढं पुरे. शाळेच्या सेक्रेटरींची नातवंडं अजून तिथंच राहतात आणि भेटली की पाया पडतात, उगाच त्यांना कशाला ओशाळवायचं? साल चौऱ्याहत्तर. जिल्हा तेव्हा अकोला. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीचा नवा अभ्यासक्रम आला होता आणि विज्ञान सगळ्यांनाच सक्तीचं झालं होतं. आमच्या गावाला रसायन म्हणजे फवारणीच्या डब्यावरची कवटी, याहून जास्त ओळख नव्हती. शाळेत विज्ञानाचं एक कपाट होतं. त्यात मोजक्या परीक्षानळ्या, आम्लाच्या दोन बाटल्या आणि स्पिरिटचा एक दिवा. वर्गात पोरं साठ.

त्या कपाटाची किल्ली देवमन खिल्लारे यांच्या हातात आली. मेडशीच्या बौद्ध वस्तीतला हा मुलगा अकोल्याला बी.एस्सी. झालेला, काटकुळा, बोलायला मऊ. दोन वर्षं प्रोबेशन. तपासणी चांगली झाली तर कायम, नाही तर पिशवी उचलायची. सेक्रेटरी बबनरावांचा भाचेजावईही नुकताच बी.एस्सी. होऊन वाशिमात रिकामा बसला होता. खिल्लारे सरांनी पिशवी कधी उचलावी याची वाट पाहणारी माणसं गावात होती. हे मला ठाऊक होतं, जगदेवरावांना ठाऊक होतं आणि खुद्द खिल्लाऱ्यांनाही.

मी त्या वर्गाची वर्गशिक्षिका. सुरुवातीला या माणसावर माझा रागच होता. झालं असं की सहामाहीत मी 'पाण्याचे महत्त्व' हा निबंध दिला आणि रामधन नावाच्या पठ्ठ्यानं पहिलंच वाक्य लिहिलं, 'पाणी म्हणजे एक बडी व दोन बैल.' मी त्याचा कान धरून विचारलं, हे काय? तर म्हणतो, "बाई, खिल्लारे सरायनं सांगतलं. ऑक्सिजन म्हनजे बंडी. तिच्या जुवाले दोन बैल लागतात. हायड्रोजन म्हनजे एक एक बैल. दोन जुपले का पानी चाललं."

मी तणतणत खिल्लाऱ्यांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, "बाई, पुस्तकात 'संयुजा' लिहेल हाय. आता संयुजा म्हनजे काय हे मी पोरायले कोन्त्या तोंडानं सांगू? बैल जुपनं त्यायले येते. मंग कार्बन म्हनजे नांगर, त्याले चार बैल. झालं." मी त्यांना पोरांसमोर उलटसुलट प्रश्न विचारायला गेले आणि मीच पोरांकडून शिकून आले. ज्या पोरांना स्वतःच्या काकाचं नाव नीट लिहिता येत नव्हतं, ती जमिनीवर काडीनं बैल काढून मिथेनचं सूत्र मांडत होती. राग कुठल्या कुठे गेला. पण रामधनच्या निबंधाला मी शून्यच दिलं, कारण 'बंडी'वरचं टिंब नव्हतं.

खरी अडचण वेगळीच होती. साठ पोरं आणि बोटाएवढी नळी. सर नळीत काही तरी करायचे आणि मागून ओरड यायची, "सर, काईच दिसत नाई!" पुढच्यांची डोकी, मागच्यांच्या उड्या, एकदा तर दिवाच कलंडला. मग खिल्लारे सर कामाला लागले. एका रविवारी रिसोडला गेले आणि फिरत्या टॉकीजवाल्याच्या मोडक्या मशीनचं भिंग घेऊन आले. न्हाव्याकडून एका कोपऱ्यात पारा उडालेला आरसा आणला. जुन्या फोटो फ्रेमच्या दोन काचा घेतल्या, त्यांच्यामध्ये सायकलच्या ट्यूबची पट्टी तीन बाजूंनी बसवली, वरून चिमटे लावले. झाली चपटी काचपेटी, वरचं तोंड उघडं.

वर्गाच्या सगळ्या खिडक्यांना गोणपाट ठोकलं. एकाच खिडकीच्या गोणपाटाला भोक. भोकासमोर चौकटीत काचपेटी, तिच्या आतल्या बाजूला भिंग. पोरं अंधारात खाली बसलेली, खिडकीकडे पाठ आणि समोर ताजा चुना दिलेली भिंत. आणि सर कुठे? सर बाहेर, उन्हात. दोन्ही हातांनी आरसा धरायचे आणि सूर्याचा कवडसा भोकातून आत सोडायचे. सूर्य सरकला की आरसा सरकवायचा, वाऱ्यानं हलू द्यायचा नाही. शिकवणं बाहेरूनच, गोणपाटातून. भिंग मागंपुढं करायला, आरसा एका हातावर पेलून, फटीतून दुसरा हात आत यायचा आणि आवाज यायचा, "साफ हाय का?" आतून साठ गळे ओरडायचे, "धुकट हाय सर!" हात हलायचा. "आता?" "साफ!"

पहिल्या तासाला मी मागे जाऊन बसले होते. सुरुवातीलाच सर बाहेरून म्हणाले, "नळीत दिसत नव्हतं ना बापूहो? आता भितीवर उलटं दिसते, बरं का. ध्यानात ठेवा." आणि भिंतीवर बैलगाडीच्या चाकाएवढं उजेडाचं रिंगण उमटलं. रिंगण पिवळंधमक, कारण काचपेटीत हळदीचं पाणी होतं. मग सरांनी फटीतून हात घालून पापडखाराच्या पाण्याचा थेंब सोडला. भिंतीवर खालून एक लालभडक ढग निघाला आणि फुगत, पसरत वर चढत गेला. मी जन्मभर हळद हाताळली, लोणच्यात घातली, जखमेवर दाबली. हळद इतकी सुंदर असते हे मला चाळिशीत त्या अंधारात कळलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू?

पुढे तर रीघच लागली. टॉर्चच्या जुन्या सेलचं जस्त आम्लात टाकून हायड्रोजनचे फुगे दाखवले. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात लोखंडी खिळ्यावर तांबं चढताना दाखवलं. रसायनाच्या तासाला पोरं दांडी मारेनात. शेजारच्या वर्गातली पोरं दारातून घुसायची. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, तुम्ही उन्हात कशाला करपता? एखादा मोठा पोरगा उभा करा ना आरसा धरून."

खिल्लारे हसले नाहीत. म्हणाले, "बाई, मी आजोळी शिकलो तई मास्तर मले वर्गात बसू देत नव्हते. तीन वर्सं खिडकीच्या भायेर बसून शिकलो, उन्हात. अंदर काय लिहून राह्यले ते दिसे नाई, नुसतं आयकू ये. म्हून माह्या वर्गाचं एक बी लेकरू खिडकीच्या भायेर उभं राहनार नाई. मले सवय हाय."

तापट माणसाची हीच पंचाईत असते. राग येतो आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही. मी तिथून निघाले आणि दिवसभर पोरांवर खेकसत राहिले.

पोरं वरच्या वर्गात गेली आणि दुसऱ्या वर्षीच्या थंडीत तपासणी लागली. विज्ञानाची तपासणी करायला राठोडसाहेब येणार होते, सेवादास राठोड. तांड्यावरून शिकून वर आलेले, मितभाषी आणि शिस्तीचे. त्यांनी चांगलं म्हटलं तर खिल्लारे जूनमध्ये कायम. काही वेडंवाकडं म्हटलं तर भाचेजावई. बबनराव सेक्रेटरी त्या दिवशी कडक इस्त्रीचं धोतर नेसून आले आणि साहेबांच्या खुर्चीला खुर्ची लावून बसले. मी मागे भिंतीला टेकून उभी. खिल्लारे फळ्यापाशी उभे होते. त्यांना फळ्यापाशी पाहून मलाच चुकल्यासारखं वाटत होतं.

साहेबांनी भागिरथाला उठवलं. भागिरथा म्हणजे वर्गातल्या मोजक्या मुलींपैकी सगळ्यात धीट.

"जस्तावर आम्ल टाकलं तर काय होतं?"

"हायड्रोजन निंगते सायब. फुगे येतात."

"छान. तो हवेपेक्षा हलका की जड?"

"हलका. सगळ्यायहून हलका."

"शाब्बास. मग ते फुगे कुठे जातात?"

"खाली," भागिरथा म्हणाली.

साहेबांना वाटलं, पोर घाबरली. त्यांनी वर्गाकडे पाहून विचारलं, "काय रे? कुठे जातात?"

साठ पोरांनी एका सुरात, बेंबीच्या देठापासून सांगितलं, "खाली!"

बबनरावांनी खाकरून मिशीवरून हात फिरवला. जगदेवराव छताकडे पाहू लागले. खिल्लाऱ्यांच्या हातातला खडू मोडला.

"हलका वायू आहे, मग खाली कसा जाईल?" साहेबांचा आवाज चढला.

रामधन उठला. निबंधातल्या बंडीवाला तोच. म्हणाला, "रसायन हाय ना सायब! रसायनात असंच असते. लाल रंग बी वरतेच चढते."

"कुणी सांगितलं?"

"कोनी कायले सांगीन? आमी सोता पाह्यलं. खिल्लारे सर म्हनतात, पुस्तकातलं नोका सांगू, पाह्यलं ते सांगा."

बबनराव साहेबांकडे झुकून हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आता तुमीच पाहून घ्या सायब, काय शिकवून राह्यले ते. पोरायचं वर्स वाया गेलं."

साहेब खिल्लाऱ्यांकडे वळले. "हे तुम्ही शिकवलंत?"

"नाही साहेब," खिल्लारे कसेबसे म्हणाले. "भिंगातून चित्र उलटं पडतं. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"हो, सांगतलं होतं," भागिरथा लगेच म्हणाली. सरांवर आळ येतोय हे तिला दिसत होतं आणि ती त्यांची बाजू घ्यायला धावली होती. "सर म्हनले होते, भितीवर उलटं दिसते."

"मग? उलटं दिसतं म्हणजे काय?"

"म्हनजे चांगलं दिसते सायब! नळीत काईच दिसत नव्हतं. भितीवर उलटं दिसते."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी एवढ्या मोठ्यानं हसले की साहेबांनी दचकून मागं पाहिलं. तपासणीत शिक्षिकेनं हसायचं नसतं. पण मला आवरेना.

"साहेब," मी पुढे येत म्हटलं, "ही चूक रसायनाची नाही. ही मराठीची चूक आहे, म्हणजे माझ्या खात्यातली. सर म्हणाले 'उलटं', टिंब देऊन, म्हणजे वरचं खाली. पोरांनी ऐकलं 'उलट', टिंबाशिवाय, म्हणजे नळीपेक्षा भिंतीवर बरं. नळीत दिसत नाही, भिंतीवर उलट दिसते! इकडे बोलताना दोन्ही एकच ऐकू येतं. मी त्या तासाला इथंच बसले होते. मराठीची बाई असून मीही तेच ऐकलं. वर्षभर फुगे खाली जाताना पाहिले आणि म्हटलं, असेल बाई रसायन."

वर्गात खसखस पिकली. जगदेवराव माझ्याकडे पाहतच राहिले. त्यांना टिंबाचं महत्त्व त्या क्षणी पटलं असावं. पण राठोडसाहेब हसले नाहीत.

"टिंबाचं मी समजलो," ते म्हणाले. "पण खिल्लारे, पोरांचं सोडा. वर्षभरात तुम्ही एकदाही ही भिंत पाहिली नाही? शिक्षक वर्गात असतो की नसतो?"

प्रश्न रास्त होता, म्हणूनच तो लागला. खिल्लारे खाली मान घालून म्हणाले, "नसतो साहेब. मी बाहेर असतो."

"म्हणजे?"

"करून दाखवतो."

ते आरसा घेऊन बाहेर गेले. पोरांना काही सांगावं लागलं नाही. गोणपाट खाली आलं, दार लागलं, अंधार झाला. साहेब खुर्चीवर बसलेले, त्यांचं डोकं उजेडाच्या वाटेत येत होतं. रामधन निर्धास्तपणे म्हणाला, "सायब, खाली बसा, मांगच्यायले दिसत नाई." आणि साहेब खरंच खाली बसले, पोरांच्या रांगेत, मांडी घालून. बबनरावांना इस्त्री मोडून बसावं लागलं. फटीतून हात आला. "साफ हाय का?" "धुकट!" "आता?" "साफ!"

भिंतीवर रिंगण आलं. जस्ताचा तुकडा डोंगराएवढा दिसत होता. त्याच्यावर चांदीच्या मण्यांसारखे फुगे धरले, फुगले, सुटले, आणि सरसर खाली गेले. साहेबांच्या तोंडून "अरे!" निघालं. त्यांना तर सगळं ठाऊक होतं, तरीही निघालं.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "तुमच्या डोळ्यांना खाली दिसतं हे मला मान्य. पण भिंत खरं बोलते की खोटं, हे कसं ठरवाल?"

भागिरथा उठली. कोपऱ्यातल्या खराट्याची एक काडी मोडून खिडकीपाशी गेली आणि ती काचपेटीत वरून हळूच खाली सोडली. भिंतीवर काडीचं टोक खालून वर आलं.

ती ओरडली, "काडी मी वरून घातली! भितच उलटी हाय! फुगे वरतेच जातात!" आणि जो गोंधळ झाला तो काय सांगू? पोरं उठून नाचायला लागली. रामधन कपाळावर हात मारून म्हणत होता, "म्हनजे लाल रंग खालीच उतरे का बे!" वर्षभराचं सगळं रसायन पोरांनी एका दमात सुलटं करून घेतलं. बाहेरून खिल्लाऱ्यांचा आवाज आला, काळजीनं भरलेला, "काय झालं? काय झालं रे? फुटलं का काही?"

तेव्हा राठोडसाहेब हसले. अंधारात मला त्यांचे दात दिसले. ते उठले, धोतर झटकणाऱ्या सेक्रेटरींना म्हणाले, "बबनराव, वर्ष वाया गेलेली पोरं अशी ओरडत नाहीत. या माणसाला जूनपासून कायम करा, आणि पुन्हा यावर माझ्याकडे येऊ नका." मग दार उघडून बाहेर गेले. मी त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेले. खिल्लारे उन्हात उभे होते, शर्ट पाठीला चिकटलेला, दोन्ही हातांत आरसा, नजर काचपेटीवर.

"तो आरसा इकडे द्या," साहेब म्हणाले.

"साहेब?"

"मी धरतो. तुम्ही आत जा आणि तुमचं काम बघा. अजून पाहिलं नाहीत ना?"

खिल्लाऱ्यांना कळेना काय करावं. मीच त्यांच्या दंडाला धरून आत आणलं. अंधारात ते दारालगतच, भिंतीच्या कडेला, अर्धे बाहेर असे टेकले. लहानपणची सवय. रामधननं सरकून जागा केली, त्याच्या शेजारच्यानं केली, पुढच्यांनी केली.

"सर, तिथी काहून बसता?" रामधन म्हणाला. "मधात या. मधात बसा."

ते उठले आणि पोरांच्या मधोमध जाऊन बसले. साहेबांना आरसा धरायची सवय नव्हती. रिंगण भिंतीवर डोलत होतं, मग ठरलं. फुगे सुटत होते, चमकत होते, खाली जात होते. खिल्लारे तोंड उघडं टाकून, वर्गातल्या कुठल्याही पोरासारखे, भिंतीकडे पाहत होते.

फटीतून साहेबांचा हात आत आला आणि भिंग चाचपडू लागला. "साफ आहे का?"

"साफ!" साठ पोरं ओरडली.

"खिल्लारे? तुम्हाला?"

खिल्लाऱ्यांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. पुन्हा पुसले.

"मले धुकट दिसून राह्यलं साहेब," ते म्हणाले. "पन राहू द्या. भिंग हलवू नोका."

दुसऱ्याच आठवड्यात पोरांनी गावच्या सुताराकडून बाभळीच्या लाकडाचं एक घोडं करून आणलं, आरसा अडकवायला. त्यानंतर त्या खिडकीच्या बाहेर कुणीच उभं राहिलं नाही.